रिकाम्या रकान्याला नाव द्या

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एका लॅपटॉपने आम्हाला खोटी खूशखबर दिली.

शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत संपायला दोन दिवस उरले होते. माझ्यासमोर दोन याद्या होत्या. पहिली जनरल रजिस्टरवरून काढलेली, पात्र मुलामुलींची. तिच्यात ८६ नावे. दुसरी पोर्टलवरून उतरवलेली, अर्ज स्वीकारले गेलेल्यांची. तिच्यात ७५. पहिल्या यादीत आहेत पण दुसऱ्या यादीत नाहीत अशी मुले कोणती, एवढेच मला हवे होते. माझा भाचा सुट्टीवर आला होता. तो पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. त्याने दोन्ही याद्या डेटाबेसमध्ये घातल्या आणि एसक्यूएलमध्ये दोन ओळींचा प्रश्न लिहिला. उत्तर आले: शून्य ओळी. म्हणजे राहिलेले कोणी नाही.

मुख्याध्यापिका बाईंच्या तोंडून ‘अल्हम्दुलिल्लाह’ निघाले. कोणीतरी चहा सांगितला. अर्धा मिनिट मीही खूश झालो. मग मनात वजाबाकी झाली. ८६ मधून ७५ गेले तर ११ उरतात, शून्य नाही. शिवाय त्या अकरांपैकी एक मुलगी मला माहीत होती. तिचा अर्ज परत आला म्हणून ती सकाळीच माझ्याकडे येऊन गेली होती.

चूक सापडायला तासभर लागला, आणि ती निघाली माझीच. पोर्टलच्या यादीत फक्त नाव आणि इयत्ता होती. प्रत्येक नावासमोर आमचा रजिस्टर क्रमांक मी हाताने भरला होता. एका ओळीत होते ‘शेख आयेशा सलीम, नववी’. आमच्याकडे नववीत या नावाच्या दोन मुली आहेत, एक ‘अ’ तुकडीत आणि एक ‘ब’ तुकडीत. कोणती ते कळेना. विचारून भरू म्हणून मी तो रकाना रिकामा ठेवला आणि विसरलो. त्या एका रिकाम्या रकान्याने अकरा मुले पडद्यावरून पुसून टाकली.

ते कसे झाले हे मी भाच्याकडून समजून घेतले. एसक्यूएलमध्ये रिकाम्या जागेला ‘नल’ म्हणतात आणि नलचा अर्थ धरला जातो ‘माहीत नाही’. आता एखाद्या मुलाचा क्रमांक दुसऱ्या यादीत नाही ना, असे विचारले की यंत्र एकेक ओळ तपासते. चौऱ्याहत्तर ओळी सांगतात, ‘हा तो नाही’. पंचाहत्तरावी रिकामी ओळ सांगते, ‘माहीत नाही, असेलही’. मग एकंदर उत्तर ‘माहीत नाही’ असेच होते. इथपर्यंत यंत्राचे काही चुकलेले नाही, उलट ते प्रामाणिक आहे. गडबड पुढे आहे. ज्या ओळींबद्दल उत्तर ‘होय’ येते तेवढ्याच एसक्यूएल दाखवते. ‘नाही’वाल्या ओळी गाळते आणि ‘माहीत नाही’वाल्याही गाळते. ‘राहिलेले कोणी नाही’ आणि ‘राहिलेले कोण ते सांगता येत नाही’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी पडद्यावर एकसारख्या दिसतात: कोरी जागा.

या विषयातले जाणकार लगेच म्हणतील की गुरुजी, तिथे ‘नॉट इन’ नको होते, ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरायचे होते. खरे आहे. भाच्यानेही कपाळाला हात लावून हेच सांगितले. पण सात वर्षे हे काम करणारा मुलगा घाईत ते विसरला, ही गोष्ट माझ्या लेखी महत्त्वाची. जे हत्यार वापरणाऱ्याने एक आडवाट कायम लक्षात ठेवली तरच खरे बोलते, त्या हत्याराची घडणच तपासून पाहायला हवी.

त्या रात्री जेवणानंतर भाचा म्हणाला, “मामू, मी हॅस्केलमध्ये एक छोटी लायब्ररी लिहून बघतोय. याद्यांचा हिशेब करणारी. तुम्ही सांगा, तुम्हाला काय काय हवं.” लायब्ररी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे कुतुबखाना आला, पुस्तकांची कपाटे आली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या बोलीत लायब्ररी म्हणजे एकदा घडवून ठेवलेल्या अवजारांची पेटी. मी उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस, बीएड झालेला, संगणकाचा विद्यार्थी नव्हे. पण वीस वर्षे रजिस्टरे भरली आहेत. या विषयात मत द्यायचा तेवढा हक्क मला आहे असे समजतो.

मुळात हा सगळा विचार कुठून आला ते पाहण्यासारखे आहे. एडगर कॉड हे इंग्लंडमध्ये जन्मलेले गणिती अमेरिकेत आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करत होते. १९७० साली त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती यंत्राच्या पोटात कशी रचली आहे हे वापरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज पडू नये, हा त्यांचा आग्रह. त्यासाठी त्यांनी संच आणि संबंध या गणितातल्या साध्या कल्पना घेतल्या. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘रिलेशनल’ म्हणजे एका तक्त्याचे दुसऱ्या तक्त्याशी असलेले नाते, असे बहुतेकांना वाटते. तसे नाही. कॉड यांच्या लेखी ‘रिलेशन’ म्हणजे तो तक्ताच. नाव, वर्ग, जन्मतारीख या गोष्टी एका ओळीत एकत्र येतात, हाच तो संबंध. अशा ओळींचा संच म्हणजे रिलेशन. उर्दूत मी त्याला रिश्ता न म्हणता निस्बत म्हणेन.

नववीच्या गणितात आपण संच शिकवतो. संचाचे दोन नियम मुलांना पाठ असतात: एक घटक एकदाच लिहायचा, आणि क्रमाला महत्त्व नाही. १९७४ साली आयबीएममध्येच चेंबरलिन आणि बॉइस यांनी जी भाषा मांडली आणि जिची पुढे एसक्यूएल झाली, तिने हा पहिला नियम सैल सोडला. तिच्या तक्त्यात एकच ओळ दोनदा येऊ शकते. त्यात नलची भर पडली. क्रिस डेट आणि ह्यू डार्विन हे दोन अभ्यासक कित्येक वर्षे याच दोन गोष्टींविरुद्ध लिहीत आले आहेत: दुहेरी ओळी नकोत आणि नल नको. बाजारात त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही. पण नवी लायब्ररी कोऱ्या पाटीवर लिहायची असेल तर ऐकायला काय हरकत आहे?

हॅस्केल ही फंक्शनल धाटणीची भाषा. हॅस्केल करी या तर्कशास्त्रज्ञाच्या नावावरून तिचे नाव ठेवले, आणि तिची पहिली आवृत्ती १९९० सालची. फंक्शन म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातले ‘फल’: तेच दिले तर तेच मिळते, मधल्या मध्ये कुठे खाडाखोड होत नाही. शिवाय प्रत्येक गोष्टीचा प्रकार आधी ठरलेला असतो, आणि प्रकार जुळले नाहीत तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. संचांचा हिशेब अशा भाषेत नीट बसावा हे ओघानेच आले. डान लायेन आणि एरिक मायर यांनी १९९९ मध्येच हॅस्केलमधून डेटाबेसला सुरक्षितपणे प्रश्न विचारण्याची पद्धत दाखवली होती. तोच विचार घेऊन मायर पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि २००७ साली ‘लिंक’ या नावाने तो सी-शार्प वापरणाऱ्या असंख्य लोकांपर्यंत पोचला. म्हणून ‘हॅस्केल कोण वापरतो?’ हा प्रश्न मला फारसा पटत नाही. भाषा थोड्यांची असली तरी तिच्यातले विचार पुष्कळांच्या घरी जातात. फारसीचे तेच झाले नाही का? आज तिथे ती कोणी बोलत नाही, पण तहसील कचेरीतला निम्मा शब्दसंग्रह तिचाच आहे.

आता मी भाच्याला काय काय सांगितले ते.

पहिली गोष्ट रिकाम्या रकान्याची. हॅस्केलमध्ये नल नसतो. किंमत नसण्याची शक्यता असेल तर ती प्रकारातच लिहावी लागते. त्यासाठी ‘मेबी’ नावाचा तयार साचा आहे: एक तर काहीतरी आहे, नाहीतर काही नाही. भाचा म्हणाला, “यानं तुमचं काम होईल. क्रमांकांची यादी आणि असतील-नसतील अशा क्रमांकांची यादी यांची वजाबाकी लायब्ररी करूच देणार नाही. रिकाम्यांचं काय करायचं ते आधी सांगावं लागेल.” म्हणजे त्या दिवशी स्टाफरूममध्ये चहा सांगायच्या आधीच यंत्राने आम्हाला अडवले असते. हे चांगलेच आहे. पण मी म्हटले, एवढ्याने भागणार नाही.

कारण ‘काही नाही’ ही एक गोष्ट नव्हे. माझ्या रजिस्टरात आडनावाचा रकाना चार कारणांनी रिकामा असू शकतो. आडनाव आहे पण जुन्या शाळेचा दाखला यायचा आहे. पालकांना विचारलेच नाही. विचारले, पण त्यांना सांगायचे नाही. आणि चौथे, आमच्याकडे सर्रास आढळणारे: आडनाव नाहीच. घरात ते कधी नव्हते. मुलीचे नाव आणि बापाचे नाव, एवढ्यावर तीन पिढ्या चालल्या. पहिल्या तिघांना उद्या उत्तर मिळू शकते. चौथ्याचे उत्तर आजच पूर्ण आहे, ते अपुरे समजणे हाच अन्याय. कॉड यांनाही पुढे हे जाणवले होते. १९९० च्या आपल्या पुस्तकात त्यांनी रिकामेपणाचे दोन भाग केले: लागू आहे पण मिळालेले नाही, आणि मुळात लागूच नाही. एसक्यूएलने ते घेतले नाही. हॅस्केलमध्ये मात्र अशा कारणांचा वेगळा प्रकार दोन ओळींत लिहिता येतो, आणि एखादे कारण हाताळायचे राहिले तर कंपायलर टोकू शकतो.

आमच्या आयेशांच्या बाबतीत तर कारण आणखी निराळे होते: ‘दोघींपैकी एक’. मी भाच्याला म्हटले, हेही लिहिता आले पाहिजे. त्याने प्रकार केला: ओळख पटलेली, एका क्रमांकासह, किंवा ओळख पटायची, संभाव्य क्रमांकांच्या यादीसह. मग वजाबाकीचे उत्तर दोन भागांत आले: दहा मुले नक्की राहिलेली, आणि दोघींपैकी एक राहिलेली. शून्यही नाही आणि नुसते अकराही नाही. जेवढे ठाऊक तेवढे, जे ठाऊक नाही ते त्याच्या नावाने. कागदावर मी हाताने हिशेब केला असता तर असाच मांडला असता.

दुसरी गोष्ट संचाची, आणि इथे मी भाच्याच्या विरुद्ध होतो. तो म्हणाला, दुहेरी ओळी नकोत, संच म्हणजे संच. मी त्याला तीन मुलांचे गुण दिले: ८०, ८०, ५०. सरासरी ७०. आता फक्त गुणांचा रकाना वेगळा काढा. संचाच्या नियमाने दोन ८० चे एकच होणार. उरले ८० आणि ५०, सरासरी ६५. शुद्धतेच्या नादात एका मुलाचे गुण गेले. म्हणून संच ठेवायचा तर सरासरी आणि बेरजेची अवजारे अशी घडवा की त्यांना पूर्ण ओळी द्याव्या लागतील, आणि ‘प्रत्येक ओळीतून गुण कसे काढायचे’ ते फल वेगळे सोपवावे लागेल. रकाना आधी तोडून मग बेरीज, ही वाट जमेल तेवढी बंद करा. फंक्शनल भाषेत फल हीही हातात देता येण्याजोगी वस्तू असते, त्यामुळे हे सहज साधते. भाच्याने ते मानले.

तिसरी गोष्ट प्रकारांची. हजेरी क्रमांक हाही आकडा आणि जनरल रजिस्टर क्रमांक हाही आकडा. घाईत एकाच्या जागी दुसरा लावून दोन याद्या जोडल्या तर उत्तर येते, दिसायलाही बरे दिसते, आणि एकाची शिष्यवृत्ती दुसऱ्याच्या नावावर पडते. हॅस्केलमध्ये दोन्हींना वेगवेगळे प्रकार देता येतात. मग ते एकमेकांशी जुळवूच देत नाही. याबद्दल आमचे दुमत नव्हते.

दुमत झाले ते याच्या पुढच्या पायरीवर. दोन तक्ते जोडले की नव्या तक्त्याचे रकाने कोणते, हे कंपायलरनेच काढावे असा भाच्याचा पहिला बेत होता. त्यासाठी त्याने प्रकारांच्या पातळीवर बरीच कसरत केली. चालत होते. पण एका रकान्याच्या नावात मी मुद्दाम चूक केली तर पडदाभर मजकूर उमटला. तो वाचून मला काही कळले नाही, आणि त्यालाही आपण लिहिलेल्या गोष्टीचा अर्थ लावायला दहा मिनिटे लागली. मी त्याला शिक्षकाच्या अनुभवाने सांगितले: मुलाच्या वहीत चूक दाखवताना ती त्याला समजेल अशी दाखवली नाही, तर पुढच्या वेळी मूल वही दाखवायलाच येत नाही. शेवटी त्याने साधी वाट धरली. ओळीचा आकार माणसाने स्वतः सांगायचा, कोणते रकाने जुळवायचे आणि जोडलेली ओळ कशी दिसेल ते फल लिहून द्यायचे. टंकायला दोन ओळी जास्त लागतात. पण चूक झाली की काय चुकले ते एका वाक्यात कळते. काही कसबी लोकांना हे मागासलेले वाटेल. मला वाटते, लायब्ररीची हुशारी वापरणाऱ्याला न कळणाऱ्या जागी खर्च होत असेल तर ती हुशारी कमीच बरी.

चौथी गोष्ट बदलाची. शाळेत काम केलेल्याला माहीत असते की जनरल रजिस्टरात व्हाइटनर चालत नाही. चुकलेल्या नोंदीवर एक रेघ मारायची, वर दुरुस्ती लिहायची, मुख्याध्यापकांची सही घ्यायची. जुने वाचता आले पाहिजे. फंक्शनल भाषेत तक्ता बदलत नाही; बदलासह नवा तक्ता तयार होतो आणि जुना, आपण टाकून दिला नाही तोवर, जसाच्या तसा राहतो. आमच्या रजिस्टरची जुनी शिस्त या नव्या भाषेत पाहून मला खरोखर बरे वाटले. पडताळणीच्या वेळी ‘आधी काय होते आणि कोणी बदलले’ हे विचारता येणे म्हणजे काय, हे ज्यांच्या नावातली एक वेलांटी चुकल्याने महिनोन्महिने खेटे पडले आहेत त्यांना वेगळे सांगायला नको.

यावरचे आक्षेप मला ठाऊक आहेत. मोठा डेटा स्मरणात मावत नाही, अखेर एसक्यूएलशीच बोलावे लागते. ठीक आहे, बोला. पण वेशीवर चौकी ठेवा. ओपलायसारख्या हॅस्केलच्या लायब्ररीत रिकामा राहू शकणारा रकाना आणि न राहू शकणारा रकाना यांचे प्रकारच वेगळे आहेत. दुसरा आक्षेप, पन्नास वर्षे जग नलवर चालले आहे, बँका चालल्या आहेत. चालल्या आहेत, पण त्यांच्याकडे हिशेब पुन्हा तपासणारी माणसे आहेत. आमच्या अकरा मुलांसाठी तपासणारा मी एकटा होतो, आणि मलाही अर्धा मिनिट खोटे खरे वाटले होते.

आपल्या समाजात अल-ख्वारिझ्मींचे नाव घेऊन छाती फुगवायची एक सवय आहे. ‘अलजेब्रा’ हा शब्द त्यांच्या नवव्या शतकातल्या ग्रंथाच्या नावातल्या ‘अल-जब्र’वरून आला, हे खरे. पण त्या ग्रंथाचा मोठा भाग कशासाठी आहे हे क्वचितच सांगितले जाते: वारसाहक्काच्या वाटणीचे हिशेब. मयताच्या मागे कोण कोण आहे आणि कोणाच्या वाट्याला किती, याचा. बीजगणित तिथे कोणाचा वाटा बुडू नये म्हणून कामाला लावले होते. आपली मुले आज पुण्या-बंगळुरूत डेटाबेस बांधत आहेत. त्यांनी अभिमान बाळगायचा तर याचा बाळगावा, आणि रकाना आखताना एकदा विचारावे की हा रकाना ज्याला भरता येणार नाही तो माणूस कोण.

त्या दोन दिवसांचे पुढे काय झाले ते सांगतो. दोन्ही आयेशांच्या घरी गेलो. ‘ब’ तुकडीतलीच्या घरी अर्जाची पावती निघाली, म्हणजे ‘अ’ तुकडीतली राहिली होती. तिचा अर्ज त्याच रात्री भरला. बाकीच्या दहापैकी नऊ जणांचेही झाले. दहावी म्हणजे सकाळी माझ्याकडे आलेली ती मुलगी. तिला आडनाव नाही, आणि पोर्टल आडनावाशिवाय पुढे जाऊ देत नव्हते. अखेर सायबर कॅफेवाल्याने त्या जागी एक टिंब टाकले आणि अर्ज गेला. पैसे तिला मिळतीलही. पण त्या यंत्राच्या लेखी आता तिचे आडनाव टिंब आहे, आणि पुढच्या वर्षी आधार कार्डावरचे नाव याच्याशी जुळत नाही म्हणून कोणीतरी तिला परत पाठवील, अशी मला भीती आहे. रजिस्टरात मात्र मी तिच्या आडनावाच्या रकान्यात स्पष्ट लिहिले आहे: ‘आडनाव नाही’. खाली सही आहे.